चांगल्या चाललेल्या संडासाची बातमी

वाद झाला तो एका परिच्छेदावरून. लेख लांबलचक होता आणि बाकी मजकुराबद्दल कुणाचे काही म्हणणे नव्हते. मुंबईच्या एम पूर्व विभागातल्या एका वस्तीत महिला मंडळाने चालवायला घेतलेला सार्वजनिक संडास इतकी वर्षे स्वच्छ कसा राहिला, याची ती हकीकत. शेवटाकडे एका परिच्छेदात लिहिले होते की या संडासाचा महिन्याचा पास भाडोत्र्यांना मिळत नाही. ते दर खेपेला पैसे मोजतात, आणि त्यामुळे वस्तीतल्या सगळ्यांत गरीब घरांचा संडासावरचा खर्च घरमालकांपेक्षा जास्त होतो. हा परिच्छेद काढा, असे आम्हाला दोन बाजूंनी सांगण्यात आले. एक बाजू अंकाला पैसे देऊ पाहणाऱ्या कंपनीची होती, दुसरी मंडळातल्या बायकांची. कंपनीला नाही म्हणणे सोपे गेले. बायकांचे तसे नव्हते, म्हणून हे प्रकरण लिहून काढतो आहे.

मी या मासिकाच्या संपादक मंडळात आहे. मासिकाचे, कंपनीचे आणि वस्तीचे नाव देत नाही. वस्तीचे नाव दिले तर मंडळातली बाई न् बाई ओळखू येईल, आणि पुढे ज्या घरमालकांचा उल्लेख येतो तेही. नवीन वार्ताहरांच्या शिबिरात हे प्रकरण ठेवतो तेव्हाही ते असेच, बिननावाचे.

मासिक कसले

आमचे मासिक ना-नफा आहे. कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली नोंदलेली संस्था त्याची मालक. नफा झाला तर (होत नाही) तो कुणाला वाटून घेता येत नाही. जाहिराती आम्ही घेत नाही. वर्गणी, लहान देणग्या आणि अधूनमधून मिळणारा एखादा निधी यांवर गाडा चालतो. विषय एकच: सार्वजनिक प्रश्नावर कुणी काय करून पाहिले आणि त्याचे पुढे काय झाले.

या प्रकारच्या पत्रकारितेला 'सोल्यूशन्स जर्नलिझम' हे नाव रुळले ते अमेरिकेत. डेव्हिड बॉर्नस्टीन आणि टीना रोझेनबर्ग यांनी २०१० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये अशा लेखांचे सदर सुरू केले आणि २०१३ मध्ये कोर्टनी मार्टिन यांच्यासह सोल्यूशन्स जर्नलिझम नेटवर्क ही संस्था काढली. केवळ याच कामाला वाहिलेली ना-नफा नियतकालिकेही तिकडे आहेत. 'येस!' हे त्यांतले जुने; १९९६ मध्ये सुरू झाले, छापील अंकात जाहिराती नसत, आणि २०२५ मध्ये ते बंद झाले. संगीतकार डेव्हिड बर्न यांनी २०१९ मध्ये काढलेले 'रीझन्स टू बी चिअरफुल' हे त्याच वाटेवरचे.

ट्रस्टच्या मालकीचे नियतकालिक ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला मुंबईत सुरू केलेले 'साधना' आजही ट्रस्टच चालवतो. संडासाच्या प्रश्नाशी तर मराठी मासिकाचे थेट नाते आहे. स्त्रियांसाठी पुरेशी सार्वजनिक स्वच्छतागृहे नाहीत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जी याचिका झाली, तिच्या याचिकाकर्त्यांत विद्या बाळ यांनी सुरू केलेले 'मिळून साऱ्याजणी' होते, आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने महापालिकांना या बाबतीत आदेश दिले.

तेव्हा आमच्याकडे नवे काही असेल तर ते शिस्तीत आहे. प्रत्येक लेखाला चार प्रश्न विचारायचे: लोकांनी नेमके काय केले, ते कशामुळे चालते, चालते याला पुरावा काय, आणि कुठे अडते. पहिला प्रश्न सगळेच विचारतात. आपल्याकडे 'यशोगाथा' म्हणून जे छापले जाते ते बहुतेक तिथेच संपते. जिद्द, मेहनत, घरच्यांची साथ, पुष्पगुच्छ घेतलेला फोटो. वाचणाऱ्याला बरे वाटते आणि त्याच्या हाती काही लागत नाही. माझे स्पष्ट मत आहे की चौथा प्रश्न गाळलेला लेख छापण्यापेक्षा ती पाने कोरी सोडावीत.

संडास

२०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख भरली आणि त्यातले चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. त्यांतल्या फार मोठ्या हिश्शाला घरात संडास नाही. महापालिका पूर्वीपासून वस्त्यांत संडास बांधत होती. बांधून झाला की तो कुणाचाच नसे. दारे निखळत, नळ चोरीला जात, टाकी तुंबली की वापर थांबे.

जागतिक बँकेच्या कर्जातून १९९५ मध्ये मुंबईचा मलनिःसारण प्रकल्प सुरू झाला, त्यात वस्ती स्वच्छतेचा एक भाग होता. त्याची रचना वेगळी होती. बांधकामाचा पैसा महापालिकेचा. पण वस्तीने आधी संस्था नोंदवायची, मोठ्या माणसामागे १०० रुपये गोळा करून दाखवायचे, आणि बांधून झाल्यावर संडास त्या संस्थेने चालवायचा. साधारण ५० माणसांमागे एक सीट हे प्रमाण धरलेले. पुढे स्वच्छ भारत अभियानाने ३५ पुरुषांमागे एक आणि २५ बायकांमागे एक असे धरले. २००५ पर्यंत या पद्धतीने तीनशेहून अधिक संडास उभे राहिले. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांतून उभी राहिलेली महिला मिलन ही संघटना, स्पार्क ही स्वयंसेवी संस्था आणि राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ यांचे या कामात मोठे अंग होते.

आमच्या लेखातला संडास याच पठडीतला. दोन मजली. खाली एका बाजूला बायकांच्या सीट, एका बाजूला पुरुषांच्या, मुलांसाठी उथळ मोरी, वर काळजीवाहू कुटुंबाची खोली आणि मंडळाचे ऑफिस. नाव असलेल्या कुटुंबाला महिन्याचा पास. बाकीच्यांनी गल्ल्यावर सुटे पैसे टाकायचे. शेजारच्याच वस्तीत त्याच मापाचा दुसरा संडास आहे, तो कंत्राटदार चालवतो. तिथे बायकांच्या बाजूला कड्या नाहीत. बाया दाराला आतून ओढणी बांधतात किंवा बाहेर मैत्रीण उभी करतात.

पहिला खर्डा आणि मावशी गावाला गेल्या तेव्हा

आमच्या वार्ताहराने पहिला खर्डा आणला तो मंडळाच्या अध्यक्ष मावशींचा होता. मावशींचे घर १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेले. मावशी पहाटे उठून स्वतः फरशी बघतात, पास नसताना घुसणाऱ्या दादांना हटकतात, वॉर्ड ऑफिसात ठिय्या देतात. लिहिलेले छान होते, खोटे काही नव्हते. पण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'मावशी' असे निघत होते, आणि मावशी दुसऱ्या वस्तीत नेता येत नाहीत.

म्हणून वार्ताहराला एकच गोष्ट शोधायला सांगितली: मावशी कधी लांबच्या मुक्कामाला गावी गेल्या होत्या का, आणि तेव्हा संडासाचे काय झाले?

गेल्या होत्या. नवरा आजारी होता, सगळा पावसाळा त्या तिकडेच राहिल्या. त्या काळातली मंडळाची वही वार्ताहराने पानपान वाचली. फिनेल, ॲसिड, झाडू, बल्ब, पाण्याचा टँकर, टाकी उपसायची गाडी, सगळ्या नोंदी नेहमीच्या तारखांना होत्या. पास विकले गेले होते. एक नळ तुटला होता, तो लगेच बदलला होता. मावशींवाचून गाडी रुळावर राहिली होती. मग कशामुळे?

इथे लेख खरा सुरू झाला. तीन गोष्टी सापडल्या. काळजीवाहू कुटुंब वरच राहते. खाली घाण झाली तर पहिला वास त्यांच्या पोळ्यांना येतो. कंत्राटदाराच्या संडासावर पगारी माणूस पाळीने येतो आणि पाळी संपली की जातो. दुसरी गोष्ट वहीची. महिनाअखेरीस हिशेब पास असलेल्या बायकांसमोर मोठ्याने वाचला जातो. लिहिता-वाचता न येणारीही ऐकून विचारते की या महिन्यात दोन टँकर जास्त का. तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची: डागडुजीचे पैसे वेगळ्या डब्यात. पासाच्या पैशातला ठरलेला वाटा आधी त्या डब्यात पडतो, मग उरलेल्यात रोजचा खर्च. कडी तुटली की पैसे कुठून आणायचे यावर सभा भरत नाही. मुंबईत संडास बंद पडतात ते एखाद्या मोठ्या बिघाडाने क्वचित. न दुरुस्त झालेल्या दहा छोट्या बिघाडांनी जास्त. टाकीचे प्रकरण मात्र छोटे नसते. मानखुर्दला २०१७ मध्ये आणि भांडुपला २०१८ मध्ये संडास खचून माणसे मेली, त्यामुळे टाकी कधी उपसली याची पावती बघितल्याशिवाय आम्ही लेखातले एक वाक्य पुढे जाऊ दिले नाही.

पुरावा म्हणून वार्ताहराने दोन्ही संडास वेगवेगळ्या वेळी पाहिले: पहाटेच्या रांगेत, दुपारी, रात्री बंद व्हायच्या आधी. चालू नळ, लागणाऱ्या कड्या, पेटणारे बल्ब, बादलीत पाणी. शिवाय कंत्राटदाराच्या बाजूच्या बायका चालत इकडे येतात का, हेही बघितले. येत होत्या. पैसे टाकून, लांबून. यापेक्षा बोलका पुरावा नसावा.

चौथ्या प्रश्नाला दोन गोष्टी निघाल्या. रात्री संडास बंद असतो. काळजीवाहूलाही झोप हवी, आणि त्या वेळी वस्तीतल्या बायकांना पर्याय नसतो. ही मंडळाने स्वतः सांगितली. दुसरी भाडोत्र्यांची.

कंपनी

त्याच सुमारास घरोघरी वापरायच्या स्वच्छतेच्या वस्तू बनवणाऱ्या एका कंपनीकडून विचारणा आली होती. आम्ही स्वच्छतेवर विशेषांक काढावा, खर्च त्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून.

अशा निधीकडे आमच्यासारख्यांची नजर का जाते, ते सांगायला हवे. अमेरिकेतल्या ना-नफा मासिकांना तिथल्या मोठ्या प्रतिष्ठानांचा आधार असतो. आमचे मासिक प्रेस रजिस्ट्रारकडे नोंदलेले आहे, आणि विदेशी अंशदान कायदा, २०१० च्या कलम ३ नुसार नोंदणीकृत वृत्तपत्राच्या संपादकाला, मालकाला, मुद्रकाला, प्रकाशकाला, स्तंभलेखकालाच काय पण व्यंगचित्रकारालाही परदेशी पैसा घेता येत नाही. ते दार बंद. देशी कंपन्यांचे म्हणाल तर कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चायचे असतात, पण कोणत्या कामावर याची यादी सातव्या अनुसूचीत आहे. तीत स्वच्छता आहे, शिक्षण आहे. पत्रकारिता नावाने नाही. म्हणजे पत्रकारितेला पैसा मिळायचा तर तो 'स्वच्छतेबद्दल जागृती' असे लेबल लावून. तिथेच घसरण सुरू होते, कारण जागृतीच्या साहित्यात कुठे अडते हे कुणी लिहीत नाही.

कंपनीच्या अधिकारी बाई अतिशय सभ्य होत्या. त्यांनी लेखांचा गोषवारा मागितला, फक्त माहितीसाठी. मग निरोप आला की संडासाचा लेख उत्तम आहे, मुखपृष्ठावर घ्यावा, कंपनीचे चिन्ह मागच्या पानावर चालेल. तेवढा भाडोत्र्यांचा परिच्छेद सूर बिघडवतो.

विश्वस्तांच्या बैठकीत एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, "अहो, 'किर्लोस्कर' १९२० साली निघालं ते कारखान्याच्या घरातूनच ना? 'किर्लोस्कर खबर' म्हणून. त्यानं समाजसुधारणेवर काय कमी सडेतोड लिहिलं?" मुद्दा बिनतोड वाटला क्षणभर. पण 'किर्लोस्कर' कुणाचे आहे ते नावातच होते. वाचक त्या हिशेबाने वाचत असे. आमच्या लेखातून कोणता परिच्छेद कुणाच्या सांगण्यावरून गेला, हे वाचकाला कळायची सोय नव्हती. चार्टर्ड अकाउंटंट असलेल्या विश्वस्त बाईंनी दुसरेच टोक धरले: २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे उत्पादनाच्या विक्रीला फायदा व्हावा म्हणून दिलेले प्रायोजकत्व सामाजिक दायित्वाचा खर्च धरले जात नाही, तेव्हा ते चिन्ह त्यांनाच उद्या अडचणीत आणेल. वाद तिथे संपला. नाही कळवले. विशेषांक रद्द, दोन महिन्यांचा मिळून जोडअंक काढला, मानधने उशिरा गेली. बस.

वाचून दाखवले तेव्हा

आमच्याकडे एक रिवाज आहे जो बहुतेक वर्तमानपत्रांत चालत नाही. ज्यांच्या कामावर लेख आहे त्यांना छापण्याआधी त्यातली माहिती वाचून दाखवायची. परवानगी मागायची नाही. चूक असेल ती सांगा आणि म्हणणे असेल ते म्हणा, एवढेच. याने पत्रकार दबावाखाली येतो हा आक्षेप मला ठाऊक आहे. तो अर्धा खरा आहे. पण ज्यांचे वकील नसतात, ज्यांचा जनसंपर्क विभाग नसतो, त्यांना छापून आल्यावर खुलासा पाठवण्याचा काय उपयोग?

मंडळाच्या ऑफिसात वाचन झाले. डब्याची गोष्ट आली तेव्हा बायका हसल्या, वहीची आली तेव्हा खजिनदार बाईंनी दोन दुरुस्त्या सांगितल्या. भाडोत्र्यांचा परिच्छेद आला आणि मावशींनी हात वर केला.

"ताई, तुम्ही आमच्यात बसलात, वही मागितलीत, दिली. काय लपवलं का आम्ही? मग हेच एक उचलून कशाला टाकलं?"

"मावशी, खोटं आहे का?"

"खोटं कुठं म्हणते मी. खरंच आहे. पण हे छापून आलं की वॉर्डातला साहेब कागद घेऊन येतो. म्हणतो, बायकांना न्याय करता येत नाही, द्या कंत्राटदाराला. मग बांधा ओढण्या दाराला."

खजिनदार बाई म्हणाल्या, "त्याच्या संडासाला कडी नाही, त्याच्यावर कोण लिहितं?"

या प्रश्नावर वार्ताहराकडे उत्तर नव्हते आणि माझ्याकडेही नाही. जो काम करतो त्याच्याच कामाची बारीक तपासणी होते. जो करत नाही त्याच्याबद्दल 'दुरवस्था' असा एक शब्द छापून येतो आणि विषय संपतो. आमच्या पत्रकारितेत ही विषमता जन्मजात आहे.

बराच वेळ बोलाचाली झाली. मग कोपऱ्यात बसलेली एक वयस्कर सभासद म्हणाली, "आम्ही काय भाडोत्र्यांना मुद्दाम नाही देत व्हय? पास दिला की मालक भांडायला येतो."

मालक का भांडायला येईल? वार्ताहराने वही पुन्हा उघडली.

पासामागचे कारण

पासावर कुटुंबप्रमुखाचे नाव आणि झोपडीचा नंबर असतो. तो तसाच राहिला कारण मूळ यादी बांधकामाच्या वेळी पैसे भरणाऱ्या सभासदांची होती. इथपर्यंत साधी कारकुनी बाब. पण वस्तीत पुनर्वसनाची चर्चा सुरू झाली होती. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीला मोफत घर आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीला पैसे भरून घर, असा नियम. पात्रतेची यादी, जिला सगळे परिशिष्ट दोन म्हणतात, तयार होताना झोपडीत प्रत्यक्ष कोण राहते याला महत्त्व. झोपडी भाड्याने देऊन दुसरीकडे राहणाऱ्या मालकाला म्हणूनच एक धास्ती असते: भाडोत्र्याच्या नावावर झोपडीच्या नंबराचा कोणताही कागद होता कामा नये. लाइटबिल नको, रेशनकार्ड नको, आणि संडासाचा पासही नको. संडासाचा पास पुरावा म्हणून कुठे चालेल असे आम्हाला एकाही वकिलाने सांगितले नाही. पण भीतीला वकील लागत नाही.

म्हणजे त्या परिच्छेदाच्या पहिल्या खर्ड्यात आम्ही जे मांडले होते ते खरे होते, पण त्यावरून मंडळ भाडोत्र्यांना दुजाभाव दाखवते एवढेच वाचकाला वाटले असते. त्यामागे घराच्या हक्काचे राजकारण आहे, हे बायकांच्या रागातून बाहेर आले. कंपनीच्या सभ्य निरोपातून काहीच बाहेर आले नव्हते.

ठेवायचे की काढायचे

आमच्या संपादक मंडळात यावर एकमत नव्हते. एक सहकारी ठामपणे म्हणाली की आयुक्तांचे दोष काढणे आणि या बायकांचे काढणे याला एकच माप लावता येत नाही. ज्यांच्या हातून संडास काढून घेतला जाऊ शकतो, त्यांच्या विरुद्ध वापरता येईल असे वाक्य न लिहिण्याची जबाबदारी आपल्यावर आहे. तिचे म्हणणे मला आजही वजनदार वाटते. मी परिच्छेद ठेवण्याच्या बाजूने होतो, दोन कारणांनी.

पहिले कारण नक्कल करणाऱ्याचे. आमचा लेख फक्त वाचायला कुणी घेत नाही. मुंबईतल्याच मालवणी किंवा विक्रोळीच्या एखाद्या मंडळाची बाई तो बघून वही आखते, डबा ठेवते. तिने पासाचा नमुनाही जसाच्या तसा उचलला, नाव आणि झोपडीच्या नंबरासकट, तर भाडोत्री तिथेही बाहेर राहतील, आणि का ते तिला कळणारही नाही. आम्ही ज्याला मर्यादा म्हणतो ती तिच्यासाठी कामाची सूचना असते.

दुसरे कारण वार्ताहराने दुसऱ्या फेरीत आणले. पहिल्या खर्ड्यात भाडोत्र्यांबद्दल लिहिले होते, पण भाडोत्री त्यात बोलत नव्हते. या वेळी ती एका जरीकाम करणाऱ्या बाईशी बोलली. भाड्याची खोली, दोन मुले, तुकड्यावर मजुरी. स्वतः ती संडासात जाते, पैसे टाकून. मुलांना नाल्याच्या कडेला बसवते, कारण तिघांचे रोजचे पैसे परवडत नाहीत. अकरा महिन्यांचा करार संपला की खोली बदलते, म्हणून कुठल्याच यादीत ती नसते. परिच्छेद काढायचा की ठेवायचा, यावर कंपनीचे म्हणणे आले, मंडळाशी त्यावर तासभर बोलणे झाले. या बाईला कुणी विचारलेच नव्हते.

शेवटी परिच्छेद ठेवला, आणि वाढवला. एकाचे तीन झाले. लेखाच्या शेवटी होता तो मध्यावर आणला, डब्याच्या आणि वहीच्या लगेच नंतर, म्हणजे शेवटी जोडलेल्या कलंकासारखा वाटू नये. मालकांची धास्ती, यादीचा इतिहास, जरीकाम करणाऱ्या बाईचा हिशेब, आणि मावशींचे 'द्या कंत्राटदाराला' हे वाक्य त्यांच्याच शब्दांत. त्याच जागी हेही लिहिले की कंत्राटदाराच्या संडासात पास कुणालाच नाही. मंडळाला काय ठेवले ते कळवले. त्यांची संमती नव्हती.

छापल्यानंतर

मावशींची भीती फुकट नव्हती. अंक आला तसा वॉर्ड ऑफिसातून मंडळाला बोलावणे आले आणि पासांची यादी मागण्यात आली. पुढे काही झाले नाही, पण कागद परत मिळेपर्यंत बायकांनी जे दिवस काढले त्यांची भरपाई आमच्याकडे नाही. वार्ताहर त्या वेळी त्यांच्यासोबत ऑफिसात गेली होती. मावशी तिच्याशी बोलल्या नाहीत, आजही बोलत नाहीत.

मालवणीहून एका मंडळाच्या तीन बायका आल्या. आमच्याकडून पत्ता घेऊन त्या संडास बघायला गेल्या. मावशींच्या कष्टांबद्दल त्यांनी फारसे विचारले नाही. डब्यात किती वाटा, टाकीची गाडी कोण पाठवते, पासाचा कागद कसा, एवढेच विचारले. त्यांनी आपल्या संडासाला पास छापले ते नुसत्या नंबराचे. नाव नाही, झोपडी नाही. घर बदलले तरी टोकन तेच.

मूळ मंडळात ही कल्पना उलट दिशेने पोचली आणि अर्धवट अडकली आहे. दोन गल्ल्यांत नंबरी टोकन सुरू झाले. बाकीच्या गल्ल्यांत समितीवर घरमालकच आहेत आणि विषय दर बैठकीत पुढे ढकलला जातो. पासाचे उत्पन्न टोकनांमुळे वाढेल की गल्ल्यावरचे सुटे पैसे कमी होऊन घटेल, हे वहीत दिसायला अजून काही महिने जावे लागतील. रात्रीच्या वेळेचा प्रश्न कुणीच हातात घेतलेला नाही.

एकदा छापलेल्या उपायाकडे वर्षभराने परत जायचे असा आमचा नियम आहे. त्यासाठी लागणारा पैसा कोणत्याही निधीच्या अर्जात मागता येत नाही, कारण त्यात नवीन काही नसते; तो वर्गणीतूनच काढावा लागतो. या संडासाची पाळी आता आली आहे. मध्यंतरी खजिनदार बाईंचा फोन आला. संडासाला वीज घरगुती दराने मिळत नाही, बिल पासाच्या पैशाचा मोठा घास घेते; सार्वजनिक सोय असून असे का, यावर लिहा, सगळी बिले लावून ठेवली आहेत, महिनाअखेर या. फक्त ती पोरगी पाठवू नका, दुसरी पाठवा, असे मावशींनी सांगायला लावले आहे.

विजेच्या दरांचा विषय आमच्याकडे त्याच पोरीला सगळ्यांत चांगला कळतो. कुणाला पाठवायचे, यावर परवाच्या बैठकीतही निकाल लागला नाही.